आचार्य जगदीशचंद्र बोस : चोवीस चौरस फुटांची प्रयोगशाळा

आपल्या निवासी विद्यालयाच्या विज्ञानकक्षात भिंतीलगत एक लाकडी मांडणी आहे. नारळाच्या दोन करवंट्यांचा तराजू, बांबूच्या कांबीत छिद्रे पाडून केलेला परीक्षानळ्यांचा स्टँड, औषधाच्या रिकाम्या बाटलीचा स्पिरिटचा दिवा, सुई काढलेल्या इंजेक्शनच्या सिरिंजचे मोजपात्र आणि जुन्या पंख्यातून निघालेल्या तांब्याच्या तारेच्या वेटोळ्यात ठेवलेले लहानसे होकायंत्र, अशा वस्तू तीवर मांडलेल्या आहेत. पेण आणि रोहा तालुक्यांतील वाड्यावस्त्यांतून येथे राहावयास आलेल्या मुलामुलींनी त्या आपल्या हातांनी घडविल्या. स्नेहसंमेलनास येणारे माजी विद्यार्थी या मांडणीपुढे हमखास थांबतात आणि आपल्या वेळी काय काय केले होते हे आपल्या लेकरांना सांगू लागतात.

तथापि या मांडणीविषयी एक प्रश्नही आमच्यापुढे वारंवार येतो. एका विज्ञान प्रदर्शनात आमच्या एका विद्यार्थिनीने आपला तराजू हळूच तक्त्यामागे सरकविलेला आम्ही पाहिला. शेजारच्या टेबलावर विकत आणलेली चकचकीत उपकरणे होती. पुढे पालकसभेत एका पालकांनी तीच गोष्ट निराळ्या शब्दांत मांडली. आपली मुले करवंट्यांवर विज्ञान शिकतात ती केवळ आपण गरीब आहोत म्हणून काय, आणि उद्या मोठ्या महाविद्यालयात गेल्यावर त्यांना खाली पाहावे लागेल काय, असा त्यांचा प्रश्न होता. तो टाळण्याजोगा नाही. त्याचे उत्तर आम्हांला ज्या एका जीवनचरित्रात सापडले, ते या स्मरणिकेच्या निमित्ताने आपणांसमोर ठेवीत आहोत. ते चरित्र आचार्य जगदीशचंद्र बोस यांचे आहे.

जगदीशचंद्रांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ रोजी पूर्व बंगालमधील मैमनसिंग येथे झाला. त्यांचे मूळ गाव विक्रमपूर परगण्यातील राढीखाल. वडील भगवानचंद्र हे फरीदपूर येथे डेप्युटी मॅजिस्ट्रेट होते. त्या काळी अशा हुद्द्यावरील माणसाचा मुलगा इंग्रजी शाळेतच जावयाचा. परंतु भगवानचंद्रांनी त्याला आधी बंगाली शाळेत घातले. आपल्या मुलाने प्रथम आपली भाषा आणि आपली माणसे ओळखावीत, हा त्यांचा विचार होता. त्या शाळेत जगदीशच्या एका बाजूस वडिलांच्या मुसलमान शिपायाचा मुलगा बसे आणि दुसऱ्या बाजूस कोळ्याचा मुलगा. पाण्यातील जीवांच्या, पाखरांच्या आणि जनावरांच्या कितीतरी गोष्टी त्याने या सोबत्यांकडून ऐकल्या. निसर्गाविषयीचे आपले कुतूहल तेथे जागे झाले, असे त्यांनी पुढे मोठेपणी आवर्जून नमूद केले आहे. शाळा सुटल्यावर हे मित्र त्याच्याबरोबर घरी येत. आई जुन्या वळणाची होती. तरी या मुलांना खाऊ घालताना तिने कधी भेद केला नाही. ज्या काळात पंक्ती जातीनुसार मांडल्या जात, त्या काळातील हे घर होते, ही गोष्ट आपल्या समाजाने विशेष ध्यानात ठेवावी अशी आहे.

याच काळातील एक प्रसंग ऐकताना आपणांस अंगुलिमालाची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. भगवानचंद्रांनी एका दरोडेखोराला तुरुंगात धाडले होते. शिक्षा भोगून तो बाहेर आला तेव्हा त्याला पोटापाण्याचे साधन नव्हते. भगवानचंद्रांनी त्याला आपल्याच घरी चाकरीस ठेवले आणि लहानग्या जगदीशला शाळेत नेण्याआणण्याचे काम त्याच्याकडे सोपविले. त्या माणसाने तो विश्वास अखेरपर्यंत राखला.

पुढे भगवानचंद्रांची बदली बरद्वानला झाली. तेथे तापाच्या मोठ्या साथीने अनेक घरे उद्ध्वस्त झाली आणि कितीतरी मुले पोरकी झाली. या मुलांना केवळ अन्न देऊन भागणार नाही, त्यांच्या हाती कसब आले पाहिजे, हे ओळखून भगवानचंद्रांनी आपल्या आवारातच कारखाना उघडला. सुतारकाम, धातूचे कातकाम आणि ओतकाम तेथे शिकविले जाई. जगदीशचा सुटीचा वेळ याच कारखान्यात जाऊ लागला. तेथे त्याने पितळेची एक लहानशी तोफही ओतून घेतली. साहेबाच्या मुलाने हातोडी धरणे कमीपणाचे आहे, असे त्याला कोणी शिकविले नाही. पुढील आयुष्यात त्यांनी जी यंत्रे कल्पिली, त्यांची पहिली उजळणी या अनाथ मुलांच्या कारखान्यात झाली होती.

नऊ-दहा वर्षांच्या वयात जगदीशला कलकत्त्याच्या सेंट झेवियर्स शाळेत धाडण्यात आले. खेड्यातून आलेला, इंग्रजी बेताचेच जाणणारा हा मुलगा आपल्याहून मोठ्या विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात एकटा पडला. घरापासून दूर राहिलेल्या आपल्या विद्यार्थ्यांना ही अवस्था निराळी सांगावयास नको. खाऊच्या पैशांतून त्याने काही प्राणी पाळले, वसतिगृहाच्या आवाराच्या एका कोपऱ्यात बाग केली, नळ्या जोडून तीत पाणी खेळविले आणि त्या इवल्याशा ओढ्यावर एक पूलही बांधला. त्याच संस्थेच्या महाविद्यालयात त्याला फादर लाफाँ हे बेल्जियन गुरू लाभले. व्याख्यानाबरोबर प्रयोग प्रत्यक्ष करून दाखविण्याची त्यांची हातोटी असामान्य होती. पदार्थविज्ञानाकडे जगदीशचंद्र वळले ते त्यांच्यामुळे.

१८८० मध्ये ते इंग्लंडला गेले. वडिलांनी लोकोपयोगी उद्योगांत पैसा घालून कर्ज ओढवून घेतले होते. मुलाच्या शिक्षणासाठी आपले दागिने विकण्याची तयारी आईने दाखविली. लंडनमध्ये प्रथम त्यांनी वैद्यकाचा अभ्यास आरंभिला. पण तापाने प्रकृती खालावली आणि शवविच्छेदनाच्या खोलीतील वातावरण सोसेना. तेव्हा ते केंब्रिजच्या ख्राइस्ट्स कॉलेजात दाखल झाले. तेथे लॉर्ड रॅले यांच्यासारखा शिक्षक त्यांना मिळाला. केंब्रिजची आणि लंडन विद्यापीठाची पदवी घेऊन १८८५ मध्ये ते मायदेशी परतले आणि कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक म्हणून नेमले गेले.

येथे त्यांच्यापुढे दोन अन्याय एकदम उभे राहिले. पहिला वेतनाचा. त्याच पदावरील युरोपियन प्राध्यापकास जे वेतन मिळे, त्याच्या दोनतृतीयांश हिंदी माणसास द्यावयाचे, असा दंडक होता. शिवाय नेमणूक हंगामी म्हणून तेही निम्मे करण्यात आले. म्हणजे हाती पडणार ते केवळ एकतृतीयांश. जगदीशचंद्रांनी भांडण केले नाही आणि काम सोडले नाही. मात्र ते वेतन स्वीकारण्यास त्यांनी साफ नकार दिला. तीन वर्षे ते एक पैसाही न घेता शिकवीत राहिले. डोक्यावर वडिलांचे कर्ज होते. १८८७ मध्ये अबला दास यांच्याशी त्यांचा विवाह झाला, आणि त्या विदुषीनेही ही ओढग्रस्त निमूटपणे वाटून घेतली. कलकत्त्यातील भाडे परवडेना, म्हणून हे दांपत्य हुगळीपलीकडील चंद्रनगरात राहू लागले. अखेरीस सरकारला नमते घ्यावे लागले. त्यांना कायम करण्यात आले आणि मागील तीनही वर्षांचे पूर्ण वेतन एकरकमी मिळाले. ती रक्कम त्यांनी वडिलांचे कर्ज फेडण्याकडे लावली.

दुसरा अन्याय प्रयोगशाळेचा. हिंदी माणसाला तत्त्वज्ञान साधेल, पण काटेकोर विज्ञान साधावयाचे नाही, असा समज तेव्हाच्या शिक्षणखात्यात रुजलेला होता. अध्यापनाचा मोठा भार त्यांच्यावर होता. संशोधनासाठी मात्र जागा, साधने वा अनुदान यांपैकी काहीच नव्हते. आपल्या छत्तिसाव्या वाढदिवशी, ३० नोव्हेंबर १८९४ रोजी, उरलेले आयुष्य संशोधनास वाहण्याचा त्यांनी निश्चय केला. न्हाणीघराशेजारची सुमारे २४ चौरस फुटांची एक चिंचोळी जागा त्यांनी मिळविली. आपल्या वसतिगृहातील दोन खाटा शेजारीशेजारी लावल्या तरी त्या तेवढ्या जागेत मावणार नाहीत. तेथे पत्र्याचे काम करणाऱ्या एका कारागिराला त्यांनी हाताशी धरले. वैज्ञानिक उपकरण त्याने पूर्वी कधी पाहिले नव्हते. दिवसाचे तास शिकविण्यात जात. उरलेल्या वेळात हे दोघे कामास बसत. खर्च प्राध्यापकांच्या खिशातून होई.

या खोलीत काय घडले, ते थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे. जर्मनीतील हाइनरिक हर्ट्झ यांनी काही वर्षांपूर्वीच दाखवून दिले होते की विजेच्या ठिणगीतून डोळ्यांना न दिसणाऱ्या लहरी निघतात आणि त्या प्रकाशाप्रमाणेच परावर्तित होतात, वळतात. परंतु त्या प्रयोगांतील लहरी सुमारे ६६ सेंटिमीटर लांबीच्या होत्या. लहर लांब, म्हणून उपकरणही अवाढव्य. ती वळविण्यासाठी हर्ट्झ यांना सुमारे दीड मीटर उंचीचा डांबराचा लोलक ओतावा लागला होता. चोवीस चौरस फुटांत तसले काही मावणे शक्यच नव्हते. जगदीशचंद्रांनी प्रश्नच उलटा केला. उपकरण लहान हवे असेल, तर लहरच आखूड केली पाहिजे. ठिणगी पाडणारे गोळे त्यांनी अगदी छोटे केले आणि सुमारे ५ मिलिमीटर लांबीपर्यंतच्या लहरी उत्पन्न केल्या. मग सारे उपकरण एका टेबलावर मावू लागले. प्रकाशाचे जे जे प्रयोग काचेच्या लोलकांनी होतात, ते ते या अदृश्य लहरींवर करता येऊ लागले. जागेची अडचण त्यांनी अशी बुद्धीने ओलांडली, आणि त्या अडचणीतूनच एक आगळे साधन जन्मास आले.

यासाठी वापरलेले साहित्य पाहिले की आमच्या मांडणीवरील वस्तू परक्या वाटत नाहीत. लहरी वळविण्यासाठी गंधकाचे लोलक केले. लहरी एका दिशेने नेण्यासाठी धातूची पोकळ नळी आणि त्या गोळा करण्यासाठी नळीच्या तोंडाशी नरसाळे बसविले. एका विशिष्ट पातळीत कंप पावणाऱ्या लहरीच पुढे जाव्यात, इतरांना अटकाव व्हावा, यासाठी रेल्वेच्या जाडजूड वेळापत्रकाच्या पानापानांत कथलाचे पातळ पत्रे घालून त्यांनी चाळणी तयार केली. साखरेच्या द्रावणातून जाताना प्रकाशाची कंपनपातळी का फिरते, हे दाखविण्यासाठी बंगालच्या खेड्यांतील ताग घेतला. तागाच्या जुड्या उजवीकडे पिळल्या तर लहर एका बाजूस फिरे, डावीकडे पिळल्या तर दुसऱ्या बाजूस. लहर आली की नाही हे ओळखण्यासाठी पोलादी तारेच्या बारीक स्प्रिंगा एकमेकींना टेकवून ठेवल्या. लहर पोहोचताच त्यांच्यातून जाणारा वीजप्रवाह बदले आणि विद्युतमापकाचा काटा हाले.

१८९५ च्या सुमारास कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये त्यांनी जाहीर प्रयोग केला. त्यांच्या अदृश्य लहरी भिंती पार करून गेल्या, पलीकडील खोलीतील घंटा वाजली आणि बंदुकीच्या दारूचा स्फोट झाला. लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांचे निबंध प्रसिद्ध केले, १८९६ मध्ये लंडन विद्यापीठाने त्यांना डॉक्टर ऑफ सायन्स ही पदवी दिली, आणि २९ जानेवारी १८९७ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये, मायकेल फॅरडे ज्या व्यासपीठावरून बोलत त्याच व्यासपीठावरून, पत्र्याच्या कारागिराने घडविलेले ते उपकरण विद्वानांसमोर मांडले गेले. ते लपविण्याचा विचार जगदीशचंद्रांच्या मनास शिवला नाही; कारण त्याने दिलेले माप खरे होते. आज रडारमध्ये, रेडिओ दुर्बिणींमध्ये आणि नव्या दूरसंचार यंत्रणांमध्ये मिलिमीटर लांबीच्या लहरी वापरल्या जातात. त्यांचा अभ्यास एवढ्या आरंभी करणाऱ्यांत बोस यांची गणना होते.

माप खरे असणे हीच उपकरणाची खरी प्रतिष्ठा होय, हे आपल्या जिल्ह्यातही पाहावयास मिळते. पेणपासून फार दूर नसलेल्या अलिबागची चुंबकीय वेधशाळा १९०४ मध्ये सुरू झाली. मुंबईत विजेवरच्या ट्रामगाड्या येणार होत्या आणि त्यांच्या प्रवाहाने कुलाबा वेधशाळेतील चुंबकसूच्या विचलित झाल्या असत्या, म्हणून हे काम तेथून हलविण्यात आले. अलिबागची इमारत पोरबंदरच्या दगडात, लोखंड टाळून बांधली गेली. उपकरणाचा थाट किती, याहून त्याच्याभोवती किती दक्षता बाळगली जाते, यावर विज्ञान उभे राहते.

आमच्या करवंट्यांच्या तराजूची कथाही येथेच सांगतो. पहिल्या तराजूने खोटे वजन दाखविले. एकच दगड एका पारड्यात एक वजन दाखवी आणि दुसऱ्या पारड्यात दुसरे. मुले हिरमुसली. मग त्यांनी शोध घेतला. दोन करवंट्या सारख्या वजनाच्या नव्हत्या, तेव्हा हलक्या करवंटीस मेण लावून रिकामा दांडा आडवा समतोल केला. तरीही फरक राहिला, कारण दांड्याच्या दोन भुजा अगदी समान लांबीच्या नव्हत्या. त्यावरचा जुना उपाय त्यांना शिकविला. वस्तू आणि वजने यांची अदलाबदल करून दोनदा तोलावे आणि दोन्ही उत्तरांची सरासरी घ्यावी. भुजांतील फरक थोडा असेल तर ही सरासरी खऱ्या वजनास अगदी जवळची असते. वजने विकत आणावी लागली नाहीत. १ मिलिलिटर पाण्याचे वजन जवळजवळ १ ग्रॅम असते, म्हणून सिरिंजने मोजून पाणी पारड्यात सोडले की वजन मिळते. तयार तराजू हाती आला असता, तर तराजूही खोटे बोलू शकतो आणि त्याला पकडता येते, हे मुलांना कळावयास कदाचित अनेक वर्षे लागली असती.

जगदीशचंद्रांच्या पुढील जीवनाकडे वळू. त्यांच्या शोधांतून पैसा मिळविण्याच्या संधी त्यांच्यासमोर आल्या. १९०१ मध्ये एका कंपनीने त्यांच्या लहरीग्राहकाच्या हक्कांसाठी मोठी रक्कम देऊ केली. त्यांनी ती नाकारली. ज्ञान ही कोणा एकाची मालमत्ता नव्हे, अशी त्यांची धारणा होती. मित्रांच्या, विशेषतः सारा बुल या अमेरिकन स्नेही बाईंच्या आग्रहाने गॅलिना या खनिजावर आधारलेल्या ग्राहकाचे एक अमेरिकन पेटंट मात्र घेतले गेले. १९०४ मध्ये मंजूर झालेले हे पेटंट अर्धवाहक उपकरणाच्या आरंभीच्या पेटंटांपैकी एक मानले जाते. त्यातूनही त्यांनी स्वतःसाठी लाभ घेतला नाही.

विसाव्या शतकाच्या प्रारंभापासून त्यांचे लक्ष सजीवांकडे वळले. आघात झाला असता प्राण्याच्या स्नायूत जसा विद्युत प्रतिसाद उमटतो, तसा वनस्पतीतही उमटतो, हे त्यांना दाखवावयाचे होते. १९०१ मध्ये लंडनच्या काही नामांकित शरीरशास्त्रज्ञांनी त्यांना विरोध केला. पदार्थविज्ञानाच्या माणसाने आपले क्षेत्र सोडून इकडे येऊ नये, असाच त्या विरोधाचा सूर होता. पुढे त्यांनी अधिक सूक्ष्म यंत्रे घडविली. त्यांतील क्रेस्कोग्राफ हे सर्वांत प्रसिद्ध. रोपट्याची वाढ डोळ्यांनी दिसत नाही इतकी मंद असते. रोपट्याला जोडलेल्या हलक्या तरफांच्या साखळीने ती हालचाल सुमारे १०,००० पटींनी मोठी करून काजळी धरलेल्या काचेवर ठिपक्यांच्या रूपाने नोंदविली जाई. खत घातल्यावर वाढ किती बदलली, विषाने ती केव्हा थांबली, हे काही मिनिटांत दिसे. ही सारी नाजूक यंत्रे कलकत्त्यात, देशी कारागिरांच्या हातून तयार झाली. १९२० मध्ये या यंत्राच्या सत्यतेविषयी इंग्लंडमध्ये शंका घेतली गेली, तेव्हा त्यांनी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात तज्ज्ञांसमोर त्याची उघड परीक्षा होऊ दिली आणि यंत्र त्या कसोटीस उतरले. त्याच वर्षी ते रॉयल सोसायटीचे सदस्य निवडले गेले. वनस्पतींविषयीचे त्यांचे सर्वच निष्कर्ष पुढील शास्त्रज्ञांनी स्वीकारले असे नाही. काही आजही वादाचे आहेत. परंतु वनस्पतींत विद्युत संदेश वाहतात, ही गोष्ट आता अभ्यासाचे मान्य क्षेत्र झाली आहे. थोर माणसाचे म्हणणेही तपासून घ्यावे, ही शिकवण आपणांस बुद्धाने दिलेलीच आहे. बोस यांनीही आपले यंत्र तपासणीस खुले ठेवून तीच पाळली.

३० नोव्हेंबर १९१७ रोजी, आपल्या एकोणसाठाव्या वाढदिवशी, त्यांनी कलकत्त्यात बोस संस्थेचे उद्घाटन केले. आयुष्याची पुंजी त्यांनी तीत घातली. येथील शोधांवर पेटंट घेतले जाणार नाही, ते सर्वांसाठी खुले राहतील, असा नियम त्यांनी घालून दिला. या वास्तूचा बौद्ध परंपरेशी असलेला संबंध आपल्या वाचकांस विशेष जिव्हाळ्याचा वाटेल. बोस दांपत्याने भगिनी निवेदितांसह अजिंठ्याची लेणी पाहिली होती. अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करणारे चित्रकार नंदलाल बोस यांनी या संस्थेत भित्तिचित्रे काढली. आणि वास्तूच्या शिल्पांकनात आवळ्याचे चिन्ह कोरलेले आहे. सम्राट अशोकाच्या अखेरच्या दिवसांत त्याच्या हाती दान देण्यास काही उरले नाही. उरला तो केवळ अर्धा आवळा. तोच त्याने संघास अर्पण केला. तो वाटून संघाच्या भोजनात मिसळण्यात आला, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्यास त्याचा अंश आला. जगदीशचंद्रांनी ही कथा आपल्या संस्थेच्या मस्तकी धरली.

अशा दानाची साक्ष आपल्याही परिसरात आहे. रोह्याच्या दक्षिणेस, तळा तालुक्यात कुडे येथे बौद्ध लेणी आहेत. तेथील शिलालेखांत दात्यांची नावे आहेत, आणि त्यांत राजकुळाशी संबंधित लोकांबरोबर वैद्य, माळी आणि कऱ्हाडचा लोखंडाचा व्यापारी हेही आहेत. आपापल्या कष्टाचा अंश प्रत्येकाने दिला आणि डोंगरात विहार उभा राहिला.

या वाटचालीत अबलाबाईंचा वाटा मोठा होता. त्या मद्रासला वैद्यक शिकल्या होत्या. पुढे त्यांनी स्त्रीशिक्षणास वाहून घेतले आणि १९१९ मध्ये नारी शिक्षा समिती स्थापून खेड्यापाड्यांतील मुलींसाठी शाळा उघडल्या. बोस यांचे चरित्र १९२० मध्ये पॅट्रिक गेडीज यांनी प्रसिद्ध केले. हे गेडीज मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक होते. २३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह येथे जगदीशचंद्रांचे निधन झाले. एकोणऐंशी वर्षे पूर्ण होण्यास त्यांना केवळ एक आठवडा उरला होता. त्यांची उपकरणे कोलकात्याच्या बोस संस्थेत आजही जपून ठेवलेली आहेत.

आता पालकांच्या त्या प्रश्नाकडे येऊ. पत्र्याच्या उपकरणांमुळे जगदीशचंद्रांना खाली पाहावे लागले नाही. परंतु एवढ्यावरच थांबलो, तर या चरित्राचा अर्धाच अर्थ आपण घेतला असे होईल. त्यांनी एकतृतीयांश वेतन गोड मानून घेतले नव्हते. एका हाताने ते आपला हक्क मागत राहिले आणि दुसऱ्या हाताने काम करीत राहिले. तीन वर्षे वेतन नाकारणारा माणूस आणि न्हाणीघराशेजारी पत्रा वाकविणारा माणूस हे एकच होते. गरिबांच्या मुलांना करवंट्या पुरेत, असे जर कोणी या मांडणीकडे बोट दाखवून म्हणू लागला, तर ते आम्हांस मान्य नाही. याच जिल्ह्यात, महाडच्या चवदार तळ्यावर, २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी सार्वजनिक पाण्यावरचा आपला हक्क बजावला. सुसज्ज प्रयोगशाळा हाही तसाच एक पाणवठा आहे. तेथे आपल्या मुलांचा अधिकार इतर कोणाहून कमी नाही. तो मागत राहणे हे आपले सर्वांचे कर्तव्य आहे. मात्र तो पाणवठा खुला होईपर्यंत मुलांनी तहानलेले राहावे, असेही नाही. आणि उद्या कपाटे चांगल्या उपकरणांनी भरली, तरी एक तराजू स्वतः करून पाहण्याचा पाठ आम्ही बंद करणार नाही. कारण उपकरण कसे चुकते, हे ते घडविणाऱ्यालाच नीट कळते.

म्हणून या स्मरणिकेद्वारे आम्ही माजी विद्यार्थ्यांस आणि पालकांस दोन विनंत्या करीत आहोत. विद्यालयाच्या प्रयोगशाळेसाठी ज्यांना शक्य असेल त्यांनी जरूर साहाय्य करावे. आणि ज्यांच्या हाती कसब आहे, मग ते पेणच्या मूर्तींच्या कारखान्यात साचे काढणारे असोत, धाटावच्या औद्योगिक वसाहतीत जोडारी असोत, सुतार असोत वा विजेची कामे करणारे असोत, त्यांनी वर्षातून एक रविवार मुलांसोबत त्या मांडणीपाशी बसावे. जगदीशचंद्रांच्या कारागिराची नोंद पदवीधरांच्या यादीत नाही. परंतु रॉयल इन्स्टिट्यूशनच्या टेबलावर त्याच्याच हातचे काम होते.

ती विद्यार्थिनी यंदा दहावीत आहे. या वर्षीच्या प्रदर्शनात तिचा तराजू टेबलाच्या पुढच्या कडेला असेल, असे तिने आम्हांस सांगितले आहे. त्याच्याजवळ ती एक कोरी वहीही ठेवणार आहे. पाहणाऱ्याने आपली वस्तू दोनदा तोलावी, दोन्ही आकडे वहीत लिहावेत आणि तराजू खरा की खोटा हे स्वतः ठरवावे, एवढीच तिची अपेक्षा आहे.